भरपाई मागणं हा लोभ नव्हे

लोकलमधून पडून घरातला माणूस गेला की पहिले काही दिवस त्या घरात माणसांची रीघ असते. शेजारी डबे पोचवतात, कुणी रेल्वे पोलिसांकडे खेपा घालतं, कुणी राजावाडी किंवा कूपर रुग्णालयातून पोस्टमॉर्टेमचे कागद आणून देतं. तेराव्याच्या आसपास एखादा मेहुणा दबक्या आवाजात दाव्याचा विषय काढतो आणि त्याच बैठकीत त्याला गप्प केलं जातं. पैशानं माणूस परत येणार आहे का? दारात उभं राहायला कुणी सांगितलं होतं? सरकार देतंय ना पाच लाख, मग आणखी काय हवं? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. आणि ज्या घरानं तरीही दावा लावला, त्याच्याबद्दल पुढे जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, याहून वाईट बोललं जातं : मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला निघालेत.

हे बोलणारे सगळेच दुष्ट नसतात. बऱ्याच जणांना त्या घराची काळजीच असते. विधवा बाईला वकिलांच्या दारात उभं राहावं लागू नये असं त्यांना मनापासून वाटतं. पण या काळजीची किंमत फार मोठी आहे. रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे अर्ज करायची मुदत अपघातापासून एक वर्षाची असते. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण ते कारण पुन्हा वेगळं पटवून द्यावं लागतं. सुतक, वर्षश्राद्ध, लोक काय म्हणतील, यात ते वर्ष कधी सरतं ते घराला कळतही नाही. म्हणून या चारही वाक्यांना उत्तर द्यायला हवं, आणि ते सौम्यपणे देण्याची वेळ आता राहिलेली नाही.

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड इथली माणसं ज्या गाड्यांनी रोज कामावर जातात, त्या मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर 2023 या एका वर्षात 2,590 माणसं मेली. दिवसाला सात. मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिकेत हा आकडा मांडला गेला, तेव्हा तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्या. अमित बोरकर यांच्या खंडपीठानं प्रवाशांना गुरांसारखा प्रवास करावा लागतो याची लाज वाटते, अशा आशयाचे उद्गार काढले. रोज तीस-पस्तीस लाख लोकांची ने-आण करतो, असं सांगून रेल्वेला समाधान मानता येणार नाही, असंही खंडपीठानं बजावलं. ही गोष्ट 2024 मधली.

आता पहिलं वाक्य. पैशानं माणूस परत येत नाही, हे ज्या घरातलं माणूस गेलं त्याला बाहेरच्यानं सांगायची गरज नसते. पण घराच्या कर्जाचा हप्ता बँक तेराव्यालाही कापून घेते. शाळेची फी जूनमध्ये भरावीच लागते. सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला आणाव्या लागतात. मिळवता माणूस गेल्यावर घरावर पडतो तो खड्डा रुपयांतही असतो, आणि तो भरून मागण्यात लाज कसली? आपल्याकडे ही गोष्ट कायद्यानं फार पूर्वी मान्य केली आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली 1853 मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1855 मध्ये, दुसऱ्याच्या चुकीनं माणूस दगावला तर त्याची बायको, नवरा, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी नुकसानभरपाई मागता येईल असा कायदा हिंदुस्थानात झाला. पावणेदोनशे वर्षं होत आली तरी चाळीचा जिना त्या हक्काला लोभ म्हणतो.

रेल्वेच्या बाबतीत तर कायदा याच्याही पुढे गेला. 1989 च्या रेल्वे कायद्यात 1994 मध्ये कलम 124 अ घालण्यात आलं. प्रवासी गाडीतून अपघातानं खाली पडला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यायचीच, असं हे कलम सांगतं. अपवाद मोजके आहेत : आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेली कृती आणि नैसर्गिक कारण वा आजार. या यादीत 'दारात उभा होता' हा अपवाद नाही. 'घाईत होता' हाही नाही.

तरीही सगळ्यांत जोरात बोललं जातं ते हेच दुसरं वाक्य. दारात का उभा राहिला?

हा प्रश्न विचारणाऱ्यानं सकाळी सव्वाआठला बोरिवलीच्या फलाटावर विरारहून येणारी चर्चगेट फास्ट पकडून पाहावी. गाडी येते तेव्हा दारं आधीच भरलेली असतात. वसई-नालासोपाऱ्याच्या माणसांनी डब्यातली इंच न् इंच जागा घेतलेली असते, आणि ती त्यांनी मजा म्हणून घेतलेली नसते. बोरिवलीच्या माणसाला आत शिरायचं तर एक पाय फुटबोर्डवर, एक हात मधल्या दांडीला आणि पाठीवरची बॅग पोटावर घेऊन सुरुवात करावी लागते. मागचे ढकलतात, तेवढाच तो आत जातो. कांदिवली येईपर्यंत सरकायला जागा झाली तर ठीक, नाहीतर अंधेरीपर्यंत तो दारातच असतो. ही गाडी सोडली तर पुढची अशीच येते. त्यानंतरचीही. ऑफिसात लेटमार्क मात्र त्याच्याच नावावर लागतो.

हे प्रवाशानं सांगितलं तर ती तक्रार समजली जाते. पण उच्च न्यायालयानंही हेच म्हटलं आहे. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये भाईंदरहून मरीन लाइन्सला निघालेला एक प्रवासी गर्दीच्या लोकलमधून पडून दगावला. 2009 मध्ये न्यायाधिकरणानं त्याच्या कुटुंबाच्या बाजूनं निकाल दिला. रेल्वेनं त्याविरुद्ध अपील केलं आणि मांडलं की तो दाराजवळ उभा राहिला, हा त्याचा निष्काळजीपणा. डिसेंबर 2025 मध्ये न्या. जितेंद्र जैन यांनी ते अपील फेटाळलं. सकाळच्या वेळी विरार-चर्चगेट गाडीत शिरणंच कठीण असतं, कामावर पोचायचं तर दाराजवळ उभं राहण्याचा धोका पत्करण्यावाचून प्रवाशाला पर्याय उरत नाही, म्हणून त्याला निष्काळजी म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

यात नवीन असं काही नव्हतं, आणि खेदाची गोष्ट तीच. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच जमीला खटल्यात सांगितलं होतं की उघड्या दारात बेसावध उभं राहणं हे फार तर निष्काळजीपण झालं, ते गुन्हेगारी कृत्य होत नाही आणि त्यामुळे भरपाई नाकारता येत नाही. 2018 च्या रीना देवी खटल्यात तर न्यायालयानं कुंपणाची उरलीसुरली भोकंही बुजवली. गाडीत चढताना किंवा उतरताना पडून आलेला मृत्यूही या कलमात बसतो. 'स्वतःहून करून घेतलेली इजा' म्हणायची तर तसा हेतू दिसायला हवा, नुसता हलगर्जीपणा पुरत नाही. इतकं स्पष्ट असताना रेल्वेचे वकील पुन्हा पुन्हा तोच बचाव घेऊन उभे राहतात, आणि वर शेजारीपाजारीही तोच बचाव फुकटात मांडतात.

9 जून 2025 ची सकाळ आठवावी. मुलुंडच्या पुढे, ठाण्यापलीकडे मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले, पुढे मृतांची संख्या पाचवर गेली. मध्य रेल्वेच्या स्वतःच्या चौकशीत बोट दाखवलं गेलं ते एका प्रवाशाच्या पाठीवरच्या बॅगेकडे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रेल्वे पोलिसांनी मात्र माटुंग्याच्या व्हीजेटीआयच्या तांत्रिक अहवालाचा आधार घेऊन मध्य रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. प्रश्न रुळांच्या देखभालीचा होता. यात कोण दोषी ते न्यायालय ठरवील. पण एवढं तर उघड आहे की कुणी खोदून विचारलंच नसतं, तर पाच मृत्यूंचं अधिकृत कारण म्हणून एक बॅग कायमची कागदावर राहिली असती. अपघाताच्या दिवशीच रेल्वेनं मुंबईच्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं आणि चालू गाड्यांनाही ती लावण्याचं जाहीर केलं. बंद दारांची कल्पना 9 जूनच्या सकाळी सुचलेली नव्हती. त्याआधी दारं उघडी होती ती कुणाच्या निर्णयानं, हा प्रश्न दारात उभ्या राहिलेल्याला विचारून कसा चालेल?

अशा मृत्यूची कहाणी एका चिठ्ठीपासून सुरू होते. रुळावर किंवा रुळाशेजारी कुणी पडलेलं दिसलं की मोटरमन किंवा गँगमन कळवतो आणि स्टेशन मास्तर मेमो काढतो. किलोमीटरचा खांब, वेळ, अप की डाऊन, आणि एक ओळ : गाडीतून पडून, की रूळ ओलांडताना. त्या ओळीच्या वेळी बहुतेकदा कुणी साक्षीदार नसतो. जखमी माणूस शुद्धीवर नसतो. पुढे रेल्वे पोलिसांचा पंचनामा, अकस्मात मृत्यूची नोंद, पोस्टमॉर्टेम, रेल्वे सुरक्षा दलाचा तपास आणि विभागीय व्यवस्थापकाचा अहवाल, असं सगळं त्या पहिल्या ओळीवर रचलं जातं. घाईत लिहिलेले 'रूळ ओलांडताना' हे दोन शब्द पुढची कित्येक वर्षं एका घराच्या मानगुटीवर बसतात, कारण रूळ ओलांडणाऱ्याला कलम 124 अ चं संरक्षण नाही. आणि दावाच लावला नाही, तर ती ओळ चुकीची होती हे म्हणायला जागाच उरत नाही.

मग येतो पास. पाकीट गर्दीत किंवा रुळावर गहाळ झालेलं असतं. तिकीट मोबाइलच्या अॅपमध्ये असतं आणि मोबाइलचा चुरा झालेला असतो, किंवा तो कुणी उचलून नेलेला असतो. पंचनाम्यात 'तिकीट/पास मिळून आला नाही' एवढंच उरतं आणि मेलेला माणूस विनातिकीट ठरतो. बायको कपाटात जुने पास शोधते, त्यावरचा ओळखपत्राचा क्रमांक जुळवते, बँकेच्या खात्यात पासाचे पैसे गेल्याची नोंद काढते. भाईंदरच्या त्या खटल्यातही रेल्वेनं हाच मुद्दा काढला होता. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं रीना देवी खटल्यात सांगून ठेवलं आहे. घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर हकीकत सांगितली की पुराव्याची जबाबदारी रेल्वेकडे जाते. रुळाजवळ नुसतं प्रेत सापडलं म्हणजे तो प्रवासी होताच, असंही न्यायालय धरत नाही, आणि ते रास्तच आहे. पण तीस वर्षं इमानानं पास काढणाऱ्या माणसाला मेल्यावर फुकट्या ठरवलं जातं तेव्हा ते पुसून टाकणं हा पैशाच्या पलीकडचा विषय होतो. चाळीतले जे लोक दाव्याला लोभ म्हणतात, त्यांनी हे कागद एकदा हातात घेऊन वाचावेत.

आता 'सरकारनं दिले ना पाच लाख'.

13 मे 2024 च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगरला पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या पेट्रोलपंपावर एक जाहिरातफलक कोसळला. 17 माणसं मेली. फलक 120 फूट बाय 120 फूट होता. महापालिकेच्या नियमानं जास्तीत जास्त 40 बाय 40 चालतो, म्हणजे क्षेत्रफळानं हा नऊपट. जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. पालिका म्हणाली, आमची परवानगी घेतलीच नाही. रेल्वे पोलिसांच्या बाजूनं सांगितलं गेलं, आमच्या जागेत पालिकेची परवानगी लागत नाही. एवढा मोठा सांगाडा महामार्गाच्या कडेला उभा राहत होता तेव्हा तो कुणालाच दिसला नाही, असं काही घडलेलं नाही. पुढे अटका झाल्या, एका वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्याचं निलंबन झालं, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची चौकशी समिती बसली. आणि मृतांच्या वारसांना राज्य सरकारनं प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली.

ती मदत घेण्यात काही गैर नाही, घ्यावीच. पण ती येते कुठून? जनतेच्या पैशातून. फलक उभारणाऱ्याच्या खिशातून नाही, परवानगी देणाऱ्याच्या पगारातून नाही, डोळेझाक करणाऱ्याच्या पेन्शनमधून तर नाहीच. मदत देताना सरकार कुणाची चूक होती हे सांगत नाही, तसं सांगायचं बंधनही त्याच्यावर नसतं. रक्कम किती, कुणाला, कधी, हे सरकारच्या मर्जीवर असतं, आणि कॅमेऱ्यांसमोर धनादेश दिला की विषय संपल्याचं सगळ्यांना वाटतं. मदत घेतली म्हणून दाव्याचा हक्क जात नाही, ही साधी गोष्ट त्या घरांना सांगायला कुणी जात नाही. दाव्यात विचारलं जातं : फलकाचा पाया किती खोल होता, भाडं कुणाला मिळत होतं, पालिकेच्या नोटिसा कुणाच्या टेबलावर पडून होत्या? याची उत्तरं प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागतात आणि पैसे ज्याची चूक त्याच्या खिशातून निघू शकतात. पाच लाखांत जो विषय मिटला असं वाटतं, तो विषय मिटण्यात सर्वांत जास्त फायदा कुणाचा, याचा विचार मिटवू पाहणाऱ्यांनी करावा.

फलक कोसळून मेलेल्यांसाठी रेल्वेसारखं किंवा मोटार अपघातांसारखं खास न्यायाधिकरण आपल्याकडे नाही. दिवाणी दावा लावायचा तर मागणीच्या रकमेनुसार न्यायालयीन शुल्क. शिवाय मुदत. उपनगरात इमारती कोसळतात, रुग्णालयांना आगी लागतात, झाकण नसलेल्या गटारात माणसं वाहून जातात. सप्टेंबर 2024 मध्ये अंधेरीत सीप्झजवळ भर पावसात एक महिला अशीच उघड्या गटारात पडून गेली आणि लगेच यंत्रणांची टोलवाटोलवी सुरू झाली. या सगळ्यांसाठी कायद्यात सोपी वाट नसणं हा दोष सरकारचा आहे. त्याचा दाखला देऊन कुटुंबांना घरी बसवणं म्हणजे त्या दोषावर पांघरूण घालणं.

रकमेबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण इथली असमानता कुणाच्याही डोळ्यांत भरेल अशी आहे. मुलुंडला राहणारा 35 वर्षांचा कायम नोकरीतला माणूस धरू. पगार महिन्याला 40 हजार, घरी बायको, दोन मुलं आणि आई. एलबीएस मार्गावर डंपरनं त्याला उडवलं, तर मोटार अपघात दावे न्यायाधिकरण सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानं आखून दिलेल्या हिशोबानं जातं. वर्षाचे 4 लाख 80 हजार, पुढच्या पगारवाढीसाठी त्यात निम्मी भर म्हणजे 7 लाख 20 हजार, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 5 लाख 40 हजार, आणि त्याच्या वयाला लागू होणारा गुणक 16. प्राप्तिकर सोडला तर रक्कम होते 86 लाख 40 हजार. सहजीवनाच्या हानीचे आणि अंत्यविधीचे पैसे वेगळे. तोच माणूस त्याच सकाळी मुलुंड स्थानकात गर्दीच्या रेट्यानं लोकलखाली गेला, तर रेल्वेच्या नियमांत ठरलेली रक्कम 8 लाख. पगार काहीही असो, घरात खाणारी तोंडं कितीही असोत. आधी ती 4 लाख होती, 1 जानेवारी 2017 पासून 8 लाख झाली आणि त्यानंतर महागाई कुठल्या कुठे गेली तरी तिथेच आहे.

यावर कुणी म्हणेल की रेल्वेत चूक सिद्ध करावी लागत नाही, म्हणून रक्कम ठरावीक. मुद्दा रास्त आहे. पण मग ती सोपी, झटपट मिळाली पाहिजे. ठरावीक रकमेसाठीही सोळा-सोळा वर्षं अपिलात भांडायचं असेल, तर त्या घराच्या पदरात ना पूर्ण भरपाई पडते, ना वेळेवर पडते.

बाई गेली असेल तर आणखी एक शेरा ऐकू येतो : ती घरीच असायची, कमवत कुठे होती? सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये कीर्ती खटल्यात याला उत्तर दिलं. न्या. एन. व्ही. रमणा यांनी आपल्या निकालपत्रात सरकारच्याच पाहणीतले आकडे नोंदवले : बिनपगारी घरकामावर बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवते, पुरुष 97. गृहिणीच्या श्रमाची रक्कम धरल्याशिवाय भरपाईचा हिशोब पूर्ण होत नाही, हे त्या निकालानं पक्कं केलं. मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडणारी, सासऱ्यांना दवाखान्यात नेणारी, घर उभं ठेवणारी बाई 'कमवत नव्हती' म्हणणाऱ्यांनी ती गेल्यावर त्या घरात एक आठवडा राहून दाखवावं.

राहिली कोर्टाची पायरी. हा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि म्हणून सर्वांत घातक. भाईंदरच्या त्या घरानं माणूस गमावला 2005 मध्ये आणि उच्च न्यायालयाचा निकाल आला 2025 मध्ये. वीस वर्षं. त्या काळात पोरं मोठी होतात, म्हातारी माणसं जातात. कुणालाही वाटेल की यापेक्षा न लढलेलं बरं. पण ही वीस वर्षं लागली कशामुळे? कुटुंबाचा दावा न्यायाधिकरणानं चार वर्षांत मान्य केला होता. पुढची सोळा वर्षं गेली रेल्वेच्या अपिलात, आणि अपिलातला मुद्दा असा की ज्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय 2010 पासून हजर होता. दिरंगाईसाठी जाब विचारायचा तर तो इथे विचारावा. दिरंगाई पाहून कुटुंबानं माघार घ्यावी, असं सुचवणारे नकळत रेल्वेचंच काम सोपं करतात.

आणि ज्या घरांनी माघार घेतली नाही, त्यांचं ऋण बाकीच्यांवर आहे. जमीला किंवा रीना देवी ही नावं आज वकील एका दमात सांगतात. ती कायद्याच्या पुस्तकांत आली, कारण माणूस गमावलेली ती साधी कुटुंबं शेवटपर्यंत लढली. आज घाटकोपरच्या एखाद्या आईला तिकीट सापडलं नाही म्हणून परत पाठवता येत नाही, ते त्यांच्यामुळे. स्वतः रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावलेले समीर झवेरी न्यायालयात गेले म्हणून उपनगरी स्थानकांवर रुग्णवाहिका आणि आपत्कालीन वैद्यकीय कक्ष आले. 11 जानेवारी 2014 ला घाटकोपर स्थानकात गाडी पकडताना फलाटाच्या फटीत जाऊन एका कॉलेजकन्येनं दोन्ही हात गमावले. त्यानंतर उच्च न्यायालयानं पाठपुरावा केला आणि फलाट उंच करण्याच्या कामाला गती आली. रस्त्यांच्या खड्ड्यांबाबत 2013 पासून चाललेल्या प्रकरणात 13 ऑक्टोबर 2025 ला न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांनी आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस गेला तर वारसांना सहा लाख रुपये द्यावे लागतील आणि ती रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून, कंत्राटदारांकडून वसूल करता येईल. 2017 च्या ऑगस्टमधल्या पावसात प्रभादेवीला उघड्या मॅनहोलमध्ये पडून एक नामवंत डॉक्टर गेले, तेव्हा वारसांसाठी असा काही ठरलेला मार्ग नव्हता. तो आता आहे, आणि तो मागितल्यामुळे आहे.

खोट्या दाव्यांचं काय, असा एक प्रश्न रेल्वेचे समर्थक हमखास टाकतात. खोटे दावे होतात, ते फेटाळलेच पाहिजेत. पण गैरव्यवहाराचं जे सर्वांत गाजलेलं प्रकरण आहे, पाटण्याच्या रेल्वे दावे न्यायाधिकरणाचं, त्यात तपास यंत्रणांचा आरोप काय आहे ते पाहावं. मृतांच्या वारसांना मंजूर झालेल्या रकमेतला मोठा वाटा वकिलांनी परस्पर आपल्याकडे वळवला, असा तो आरोप आहे. म्हणजे लुटली गेली ती कुटुंबंच. त्यावर उपाय भरपाई थेट वारसाच्या खात्यात जमा करणं आणि अर्जाची पद्धत इतकी सोपी करणं की दलालाची गरजच पडू नये. त्या प्रकरणाच्या आधारानं बोरिवलीच्या विधवेकडे संशयानं पाहणं हा शुद्ध अन्याय आहे.

दाव्यानं सगळं मिळत नाही, हेही सांगितलं पाहिजे. रुळांवरच्या मृत्यूंत मोठा हिस्सा रूळ ओलांडणाऱ्यांचा असतो आणि त्यांच्या घरच्यांना या कलमाखाली काही मिळत नाही. त्यांच्या बाजूनं मांडायचं तर वेगळा मुद्दा मांडावा लागतो : वस्तीपासून पूल किती दूर आहे, सरकता जिना बंद किती दिवस आहे, भिंतीला भगदाड किती वर्षांपासून आहे. त्यावर कायदा अजून गप्प आहे.

जिथे कायदा बोलतो, तिथे तरी घरच्यांना बोलू द्यावं. भेटायला जाणाऱ्यांना काही करायचंच असेल तर पहिल्या आठवड्यातच पुष्कळ करता येईल. बोरिवली, अंधेरी, किंवा घाटकोपर-मुलुंडच्या बाजूचं असेल तर कुर्ला रेल्वे पोलिस ठाण्यात त्या घरातल्या माणसाबरोबर जावं. स्टेशन मास्तरच्या मेमोची आणि पंचनाम्याची प्रत मागावी. मेमोतली ओळ चुकीची असेल तर त्याच आठवड्यात लेखी हरकत द्यावी. त्या गाडीनं रोज बरोबर जाणाऱ्या डब्यातल्या मित्रांची नावं लिहून घ्यावीत, कारण सहा महिन्यांनी त्यांतले निम्मे भेटत नाहीत. पासाचा क्रमांक, मोबाइलमधल्या तिकिटाची नोंद, पगाराच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये लावाव्यात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तिथे महिलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आणि रेल्वेकडे मागायच्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. ज्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिलेला आहे त्यावर अपील करणं थांबवा. 8 लाखांची रक्कम महागाईशी जोडा आणि दर तीन वर्षांनी वाढवा. मोटार अपघातांच्या हिशोबात सहजीवनाच्या हानीची आणि अंत्यविधीची रक्कम दर तीन वर्षांनी 10 टक्क्यांनी वाढावी, असं प्रणय सेठी खटल्यात न्यायालयानं 2017 मध्येच सांगितलं आहे. रस्त्यावर मेलेल्याच्या घराला लागू होणारा हा साधा न्याय रुळावर मेलेल्याच्या घराला का लागू होऊ नये, याचं उत्तर रेल्वे मंत्रालयानं लेखी द्यावं.